चौकात थांबा, सर्कलला वळसा घाला: पण नियम ओळखून

बदली, नोकरी, लग्न किंवा मुलांचे शिक्षण, कारण काहीही असो, तुम्ही नव्या शहरात राहायला गेलात की पहिली परीक्षा घेतात ते तिथले चौक. मुंबई-पुण्यात सिग्नलची सवय झालेला माणूस चंदीगडला गेला की मोठमोठ्या सर्कलपाशी गोंधळतो. दिल्लीच्या ल्युटेन्स भागात एका सर्कलला पाच-सहा रस्ते मिळतात आणि नेमके कुठून बाहेर पडायचे ते कळत नाही. गांधीनगर, म्हैसूर, पणजी, नाशिक, कुठेही जा, सर्कल भेटतेच. तरीही त्यात गाडी कशी घालायची, हे आपल्याला फारसे कुणी नीट शिकवलेले नसते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच, गिअर आणि रिव्हर्स शिकवतात. सर्कल आले की शिकवणारा म्हणतो, ‘‘हॉर्न द्या आणि काढा गाडी.’’

हे ‘काढा गाडी’ महागात पडू शकते. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली. म्हणजे दिवसाला ४६० हून जास्त. हे सगळे अपघात चौकातले नव्हेत, पण दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे धोका वाढतो, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. म्हणूनच साधा चौक आणि सर्कल यांत फरक काय, कुठे कसे वागायचे आणि घरातल्या नवशिक्या चालकाला काय सांगायचे, हे समजून घ्या.

टकरीच्या ३२ जागा आणि ८ जागा

चार रस्ते मिळणारा एक साधा चौक डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक रस्त्यावरून येणारी गाडी डावीकडे, उजवीकडे किंवा सरळ जाऊ शकते. या सगळ्या गाड्यांच्या वाटा कागदावर रेघांनी काढल्या, तर त्या रेघा ३२ ठिकाणी एकमेकींना भेटतात. वाहतूक अभियंते या ठिकाणांना टकरीच्या संभाव्य जागा मानतात. त्यांतल्या १६ जागा सर्वात वाईट. तिथे एक वाट दुसरीला आडवी छेदते. उजवीकडे वळणारी रिक्षा आणि समोरून सरळ येणारी बस यांची गाठ पडते ती अशाच जागी.

आता त्याच चौकाच्या मध्ये एक गोल वाहतूक बेट ठेवा आणि सगळ्यांना एकाच दिशेने फिरायला लावा. एका लेनच्या सर्कलमध्ये या जागा उरतात फक्त ८. चार ठिकाणी गाडी आत शिरते, चार ठिकाणी बाहेर पडते. आडवी छेदणारी एकही वाट राहत नाही.

याचा अर्थ सर्कलमध्ये अपघात होतच नाहीत असा नाही. होतात, पण ते बहुतेक वेळा वेगळ्या प्रकारचे असतात. गाड्या एकाच दिशेने चाललेल्या असल्याने एकमेकींना घासतात किंवा मागून ठोकतात. बंपर फुटतो, आरसा तुटतो, भांडण होते. साध्या चौकात सिग्नल तोडून आलेली गाडी दुसऱ्या गाडीच्या दारावर आदळते आणि दाराला लागूनच माणूस बसलेला असतो.

वेग अर्धा, मार पाव

सर्कलचा दुसरा फायदा वेगाचा. सिग्नल हिरवा दिसला की आपण काय करतो? लाल होण्याआधी निसटायचे म्हणून वेग वाढवतो. सर्कल मात्र समोर आडवेच उभे असते. नीट बांधलेले असेल तर तुम्हाला वळावेच लागते आणि वळायचे म्हणजे वेग कमी करावाच लागतो. कितीही घाई असली तरी साधारण ताशी ३० किलोमीटरवर यावेच लागते.

या आकड्याला फार महत्त्व आहे. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. ताशी ३० ने ती जाते ८ मीटरच्या आसपास. समोर अचानक कुणी आले तर मेंदूला ते कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद सहज निघून जातो. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. उलट बघा: वेग अर्ध्यावर आला की धडकेतली ताकद पावपट उरते. म्हातारी माणसे, शाळेतली मुले आणि स्कूटरवरून जाणाऱ्यांच्या बाबतीत एवढा फरक जीव वाचवायला पुरेसा असतो.

अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने आपल्याकडच्या चौकांचा हिशेब मांडला आहे. सिग्नल काढून तिथे आधुनिक सर्कल केल्यावर मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे अपघात ७८ टक्क्यांनी घटल्याचे तो हिशेब सांगतो. फक्त आडव्या रस्त्यावर ‘थांबा’ची पाटी असलेल्या चौकांत ही घट ८२ टक्के आहे. हे आकडे अमेरिकेतल्या रस्त्यांचे आहेत. आपल्याकडे दुचाकी, हातगाडी, बैलगाडी आणि पादचारी एकाच रस्त्यावर असतात, त्यामुळे ते जसेच्या तसे इथे लागू होणार नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे.

नियम एका ओळीचा, पण सुचायला वेळ लागला

वाहतूक गोल फिरवायची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलमध्ये १९०५ मध्ये आणि पॅरिसच्या प्रसिद्ध विजय कमानीभोवती १९०७ मध्ये गाड्या एकाच दिशेने फिरू लागल्या. इंग्लंडमधल्या लेचवर्थ गावात १९०९ च्या सुमारास असे सर्कल आले.

तरीही पुढची कित्येक वर्षे लोक सर्कलला वैतागत होते. कारण आधी जायचा मान कुणाचा, हे नक्की नव्हते. बाहेरून येणारा बेधडक आत घुसायचा, मग आतल्याला बाहेर पडायला जागाच मिळायची नाही आणि सर्कल कुलूप लावल्यासारखे बंद पडायचे. आपल्याकडे संध्याकाळी सहा-सात वाजता दिसते ना, अगदी तेच.

१९६६ मध्ये ब्रिटनने एका ओळीचा नियम केला: जो आत फिरतो आहे त्याचा मान पहिला, बाहेरच्याने थांबायचे. रस्ता तोच, गाड्या त्याच, पण कोंडी सुटू लागली. तिथले अभियंते फ्रँक ब्लॅकमोर यांनी पुढे लहानशा जागेत मावणारी छोटी सर्कल बनवली. १९७२ मध्ये स्विंडन शहरात पाच छोटी सर्कल एका मोठ्या सर्कलभोवती मांडलेला चौक तयार झाला. लोक त्याला ‘जादूचे सर्कल’ म्हणतात. फ्रान्समध्ये नियम उलटा होता. तिथे आत शिरणाऱ्याला मान होता. १९८० च्या दशकात त्यांनी तो बदलला आणि त्यानंतर फ्रान्समध्ये सर्कलची संख्या भराभर वाढली. आज तिथे ३० हजारांहून जास्त आहेत.

आपल्यासाठी हा नियम नवा नाही. मुख्य रस्ता ठरवून दिलेला नसेल अशा चौकात शिरताना उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे, हे भारतातल्या १९८९ च्या रस्ते नियमांतच लिहिले होते. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे आपली सर्कल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. म्हणजे सर्कलच्या तोंडाशी उभे राहिलात की आत फिरणारी गाडी तुमच्या उजवीकडूनच येते. उजवीकडे बघा, येणाऱ्याला जाऊ द्या, मग शिरा. झाले.

देवळातली प्रदक्षिणा लक्षात ठेवा

दिशेचा गोंधळ होत असेल तर देऊळ आठवा. प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला असतो. आपल्या देशातल्या सर्कलमध्येही वाहतूक बेट नेहमी तुमच्या उजव्या हाताला असायला हवे. हे एकदा मनात बसले की चूक होत नाही.

फक्त शंकराच्या देवळातली अर्धी प्रदक्षिणा इथे चालत नाही. उजवीकडच्या रस्त्याला जायचे असले की कित्येक दुचाकीस्वार पूर्ण वळसा न घालता बेटाच्या अलीकडूनच उजवीकडे निसटतात. पन्नास मीटर वाचतात, पण त्या क्षणी ते सगळ्या वाहतुकीच्या तोंडावर असतात. आत फिरणारा चालक उजवीकडे बघत असतो. डावीकडून राँग साइडने कुणी येईल अशी त्याची अपेक्षाच नसते. सर्कल ज्या समोरासमोरच्या धडकेपासून वाचवते, तीच धडक हा शॉर्टकट परत आणतो.

सर्कलमध्ये गाडी कशी घालाल?

आधी ठरवा: सर्कल दिसण्याआधीच आपल्याला कितव्या रस्त्याने बाहेर पडायचे ते माहीत असू द्या. मोबाइलवरचा नकाशा ‘तिसऱ्या एक्झिटने बाहेर पडा’ असे सांगतो, तेव्हा डावीकडचा पहिला रस्ता एक, मग दोन, मग तीन असे मोजायचे असते.

लेन निवडा: सर्कल दोन लेनचे असेल तर डावीकडे वळायचे असताना डाव्या लेनमध्ये राहा. सरळ जायचे असेल तरी शक्यतो डावी लेनच बरी. उजवीकडे जायचे किंवा यू-टर्न घ्यायचा असेल तर बेटालगतची लेन घ्या. रस्त्यावर बाण रंगवलेले असतील तर ते म्हणतात तसे वागा.

वेग कमी करा, उजवीकडे बघा: आत गाडी असेल तर थांबा. मोकळी जागा दिसली की शिरा. आत कुणीच नसेल तर उगाच थांबून मागच्यांचा खोळंबा करू नका.

आत शिरल्यावर थांबू नका: बाहेरच्याला ‘या, या’ म्हणून हात दाखवणे हा चांगुलपणा वाटतो, पण मागून येणाऱ्याला तो कळत नाही आणि तो तुमच्यावर आदळतो. सर्कलमध्ये ‘पहले आप’ करायचे ते शिरण्याआधी, आत गेल्यावर नाही. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस असेल तेव्हा मात्र थांबायलाच हवे.

इंडिकेटर द्या: डावीकडे जायचे असेल तर शिरण्याआधीच डावा. उजवीकडे जायचे असेल तर शिरताना उजवा. सरळ जाताना शिरताना कोणताच नको. पण कोणत्याही रस्त्याने बाहेर पडायचे असो, त्याच्या आधीचा रस्ता मागे पडला की डावा इंडिकेटर सुरू करा. बाहेर वाट बघणाऱ्याला त्यावरूनच कळते की तुम्ही निघालात आणि त्याला शिरता येईल.

सरळ जाताना चारही दिवे लुकलुकवण्याची एक सवय आपल्याकडे फार पसरली आहे. ती सोडा. ते दिवे गाडी बंद पडली किंवा धोका असला तर लावायचे असतात. शेजारच्याला तुमचा एकच बाजूचा दिवा दिसला तर तुम्ही वळताय असे वाटून तो पुढे घुसतो.

रस्ता चुकला तर पुन्हा फिरा: हा सर्कलचा सर्वात मोठा दिलासा. साध्या चौकात वळण चुकले की पुढचा यू-टर्न शोधत दोन किलोमीटर जावे लागते. सर्कलमध्ये आणखी एक फेरी मारा. शेवटच्या क्षणी आतल्या लेनमधून डावीकडे कट मारू नका आणि रिव्हर्स तर अजिबात घेऊ नका.

बस-ट्रकच्या डावीकडे राहू नका: लांब गाडी बाहेर पडायला डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. डावीकडच्या फटीत शिरलेली स्कूटर चालकाला आरशातही दिसत नाही. ट्रकला पुढे जाऊ द्या, दहा सेकंदांनी काही बिघडत नाही.

ॲम्ब्युलन्स आली तर: सर्कलच्या आत घाबरून थांबू नका. तुमच्या रस्त्याने बाहेर पडा आणि मग डावीकडे गाडी घ्या.

मग सगळीकडे सर्कलच का करत नाहीत?

हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. उत्तर असे की सर्कलला मर्यादा आहेत. रस्ते बांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७६ च्या शिफारशींमध्येच म्हटले होते की सर्व बाजूंनी मिळून तासाला साधारण ३,००० वाहनांपर्यंतच असे सर्कल नीट काम करते. आपल्या मोठ्या शहरांतले कित्येक चौक गर्दीच्या वेळी ही मर्यादा केव्हाच ओलांडतात. एकाच रस्त्यावरून गाड्यांचा लोंढा येत असेल तर बाकीच्या रस्त्यांना शिरायला फटच मिळत नाही. म्हणून अनेक जुन्या सर्कलवर पुढे सिग्नल बसवले गेले. अशा ठिकाणी आधी सिग्नल पाळायचा. हिरवा मिळाला म्हणून वेग वाढवायचा नाही, कारण आत आधीच्या फेरीतली गाडी अजून असू शकते.

जागाही लागते. जुन्या पेठेतल्या अरुंद चौकात मधे चौथरा बांधून त्याला सर्कल म्हटले तर बस वळतच नाही. आणि जागा असली तरी आपण ती बिघडवतो. बेटावर उंच झुडपे, फलक, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे होर्डिंग, आणि तोंडाशीच रिक्षा स्टँड, बसथांबा, वडापावची गाडी. मग उजवीकडून येणारा दिसायचा कसा? सर्कल म्हणजे शोभेची बाग नव्हे. तिथे पलीकडचे दिसण्यापेक्षा येणारी गाडी दिसणे महत्त्वाचे.

सिग्नलच्या चौकाचेही गुण आहेत. पादचाऱ्याला रस्ता ओलांडायला ठरलेला वेळ मिळतो. अंध व्यक्तीला गाड्या थांबल्याचा आवाज ऐकून अंदाज घेता येतो, सर्कलमध्ये मात्र गाड्या सतत फिरत असल्याने हे अवघड होते. दुसरीकडे, वीज गेली की सिग्नल आंधळा होतो आणि चौकात जो दांडगा तो पुढे जातो. सर्कलला वीज लागत नाही. रात्री दोन वाजता रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्यापुढे उभे राहायची पाळीही येत नाही.

रात्रीच्या सिग्नलबद्दल एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवा. लुकलुकणारा पिवळा दिवा म्हणजे ‘मोकळे रान’ नाही. वेग कमी करा, दोन्हीकडे बघा, मग जा, असा त्याचा अर्थ. लाल दिवा लुकलुकत असेल तर पूर्ण थांबा आणि रस्ता मोकळा असल्याची खात्री करून मगच निघा.

पायी चालणाऱ्यांनी काय करावे?

वाहतूक बेटावर हिरवळ असते, कारंजे असते, कधी पुतळा असतो. फोटो काढायला मुलांना घेऊन तिथे धावत जाणारे पालक दिसतात. कृपा करून हे टाळा. सर्कलमधून सरळ चालत पलीकडे जायचा मार्ग नसतो. कडेकडेने चाला आणि एकेक रस्ता ओलांडा, तोही सर्कलच्या तोंडापासून थोडे मागे, झेब्रा क्रॉसिंगवरून. रस्त्याच्या मध्ये लहान दुभाजक असेल तर तिथे थांबता येते. आधी एका दिशेची वाहतूक बघून निम्मा रस्ता ओलांडा, मग दुसऱ्या दिशेची बघून उरलेला. आजी-आजोबांना हे दोन टप्पे फार सोयीचे पडतात.

गाडी चालवणाऱ्यांनीही लक्षात ठेवा की सर्कलमधून बाहेर पडताना नजर आपोआप पुढच्या मोकळ्या रस्त्यावर जाते आणि पाय ॲक्सिलरेटरवर. नेमक्या त्याच ठिकाणी माणसे रस्ता ओलांडत असतात.

मुले परदेशात असतील तर

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला जाणार असाल तर एक खबरदारी घ्या. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे सर्कल उलट फिरते आणि बेट डाव्या हाताला येते. शिरताना डावीकडे बघायचे असते. रस्ता ओलांडतानाही आपली आयुष्यभराची सवय दगा देते, म्हणून पायी फिरताना दोन्हीकडे बघाच. इंडियाना राज्यातल्या कार्मेल या शहरात तर १५० हून जास्त सर्कल आहेत. तिथले माजी महापौर जेम्स ब्रेनर्ड यांनी इंग्लंडमध्ये शिकताना सर्कल पाहिली आणि १९९० च्या दशकापासून आपल्या शहरातले सिग्नल काढून तिथे सर्कल करायला सुरुवात केली. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये मात्र आपल्यासारखेच डावीकडून चालतात, तिथे घरचाच नियम लागू.

ताट, वाटी आणि दोन खेळण्यातल्या गाड्या

घरात कुणाचे लर्निंग लायसन्स नुकतेच निघाले असेल तर रस्त्यावर न्यायच्या आधी जेवणाच्या टेबलावर शिकवा. मोठ्या ताटात मधोमध वाटी पालथी घाला. ती झाली वाहतूक बेट. ताटाच्या चार बाजूंना चार चमचे म्हणजे चार रस्ते. दोन खेळण्यातल्या गाड्या घ्या, त्या नसतील तर दोन लिंबेही चालतील. एक तुम्ही फिरवा, एक मुलीला द्या. आत कधी शिरायचे, डावा इंडिकेटर कधी, रस्ता चुकला तर काय, हे दहा मिनिटांत समजते आणि धाकटी भावंडेही ऐकत ऐकत शिकतात. मग रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना जवळच्या सर्कलला तीन-चार फेऱ्या मारायला लावा. ओरडू नका. नवशिक्याच्या शेजारी बसून ‘‘अगं ब्रेक, ब्रेक!’’ म्हणणारा माणूस सर्कलपेक्षा जास्त गोंधळ घालतो.

आणि तुमच्या वस्तीतल्या सर्कलवर झाडी वाढून पलीकडचे दिसत नसेल, पट्टे पुसले गेले असतील किंवा ‘वाट द्या’चा त्रिकोणी फलक पडला असेल, तर गप्प बसू नका. सोसायटीच्या लेटरहेडवर चार ओळी लिहा, फोटो जोडा आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला व वाहतूक पोलिसांना द्या. बांधकामाला कोट्यवधी लागतात, पण झुडपे छाटायला आणि पट्टे रंगवायला फार खर्च येत नाही.

सिग्नल आपल्याला सांगतो, आता थांब, आता जा. सर्कल सांगत नाही, तिथे समोरच्याकडे बघून आपल्यालाच ठरवावे लागते. उद्या ऑफिसला किंवा मुलांना शाळेत सोडायला निघालात की पहिल्याच सर्कलपाशी वेग कमी करा आणि उजवीकडच्याला आधी जाऊ द्या. मागच्याने हॉर्न वाजवला तर वाजवू दे. मागच्या सीटवर बसलेली मुले तुमच्याकडे बघून गाडी चालवायला शिकत असतात.